गर्दी व्हायच्या आत

"गर्दी व्हायच्या आत गाठायला हवं रे. एकदा लोकांना कळलं की संपलं!"

फिलिपिन्सची व्हिसाची अट सुटल्यापासून विन्या मालवणात भरडावरच्या कट्ट्यावर दुसरं काही बोलतच नाही. चौदा दिवस बिनव्हिसा. सॅक आली, कपाळावर बांधायचा दिवा आला, मोबाइल भिजू नये म्हणून गळ्यात अडकवायची पिशवी आली. बेत सियारगाव बेटावरच्या जनरल लुना गावाचा.

"सियारगाव?" बाबल म्हणाला. "ता कुडाळाच्या अलीकडे काय पलीकडे?"

विन्यानं मोबाइल पुढे केला. माड, पांढरी वाळू, वाळूवर ओढलेली होडी. बाबलनं फोटो मोठा करून होडीच्या बाजूची तोल सांभाळणारी लाकडं पाहिली. "आमच्या होडयेक एक उलांडी, तेंनी दोनी बाजूंक लावल्यानी. बाकी दांडीच ती."

"पण बघ ना, एक माणूस नाही फोटोत!"

"मगे होडी काय आपणच चलान इली? वल्हवणाऱ्याक बाजूक केलो आसतलो, फोटो काढूच्या आधी."

बाबल दांडीचा, म्हणजे मालवणच्याच किनाऱ्यावरचा. बापाच्या रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात, वाटा, आणि घरामागं तीन खोल्या, त्या वहिनी चालवतात. रापण ओढताना पाहुणे येऊन दोरीला हात लावतात, फोटो निघाला की दोरी सोडून जातात, हे तो वर्षानुवर्षं बघत आलाय. फोटोतून कुणाला काढलं जातं हे त्याला कुणी सांगायला नको.

मास्तरांना मात्र इतिहास सांगायचा होता. मुंबई-पणजी बोटीच्या काळात हिप्पी डेकवर बसून गोव्याला जायचे. बोट मालवणला लागायची, पण ते इथं उतरत नसत. "म्हणजे आपण थोडक्यात वाचलो, नाहीतर गोव्यातला हणजुणेचा बाजार आपल्या चिवल्याच्या किनाऱ्यावर भरला असता," मास्तर म्हणाले. मग सियारगाववर आले. तिथं लाटांवर फळी चालवणारे परदेशी 1980 च्या दशकातच पोचले होते, आज तिथं विमानतळ आहे, मनिलाहून थेट विमानं उतरतात. "तू निदान चाळीस वर्षं उशिरा निघालायस, विनायक."

"तो दहावीच्या सहलीकपण उशिरा इल्लो," पक्या म्हणाला. "गाडी तिठ्यार थांबवन ठेवली हुती ह्याच्यासाठी." ते प्रकरण पुन्हा उघडलं. गाडी विन्यासाठी थांबली होती की पक्याच्या उलटीसाठी, यावर बराच वेळ गेला.

मग बाबलनं एक प्रश्न विचारला. "थयसर वादळ झाला हुता ना रे, मोठा?"

झालं होतं. ओडेट, 16 डिसेंबर 2021, आणि ते पहिल्यांदा जमिनीवर आलं ते याच जनरल लुनात. बेटावरचे माड आडवे झाले. त्याच वर्षी मे महिन्यात आपल्याकडे तौक्ते होऊन गेलं, त्याबद्दल या कट्ट्यावर कुणाला काही सांगावं लागत नाही.

"बाणावली माड लावलंस तर धरूक सात-आठ वर्सां," बाबल म्हणाला. "तवसर घोवान काय खावचा? एक तर खोली बांधतलो, नायतर जमीन इकतलो. गर्दी काय पर्यटक आणतत? माड पडतत तेवाच ती येवक लागता. तू जातंस तो टायम म्हणजे थयल्या माणसाच्या अडचणीचो टायम. गर्दीच्या आधी म्हणान खूश काय होतंस?"

विन्या गप्प झाला. पक्याला जमीन हा शब्द ऐकू आला की तो जागा होतो. "गुंठ्याक काय भाव आसतलो?"

"परदेशी माणसाला तिथं जमीन विकत घेता येत नाही," मास्तर म्हणाले. "त्यांच्या घटनेतच आहे."

"बघ पक्या, तुझो धंदो घटनेनंच बंद केल्यानी." बाबलचा आवाज चढला. "आमच्याकडे शेतकरी दाखलो लागता म्हणतत. दिल्लीचो माणूस खयसून तरी सातबारो घेवन येता आणि देवबागेत शेतकरी होता! नांगर तरी बघितल्यान हा?"

पक्यानं चहा मागवला. त्याच्याकडे उत्तर नव्हतं आणि ते असणार नाही. 1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला, 2021 साली चिपीचं विमानतळ सुरू झालं, आणि मधल्या काळात किनाऱ्यालगतचे किती सातबारे पक्यासारख्यांच्या हातून फिरले ते तलाठ्यालाच माहीत. मला याची चीड येते आणि ती मी लपवत नाही.

विन्यानं शेवटचा पत्ता टाकला. "पण मी टूरिस्ट नाही. मी ट्रॅव्हलर आहे."

"आसशील. पण ट्रॅव्हलर परसाक जाता मा? ता खंय जाता इतक्याच माका सांग."

हशा पिकला, पण प्रश्न खरा होता. बोराकायचं झालं तेच. तेही फिलिपिन्सच, तेही एकेकाळी सॅकवाल्यांचं निवांत बेट. हॉटेलांचं सांडपाणी थेट समुद्रात सुटू लागलं, आणि 2018 च्या एप्रिलमध्ये सरकारनं अख्खं बेट सहा महिन्यांसाठी बंद केलं. उघडलं तेव्हा एका वेळी किती पाहुणे राहू शकतात याचा आकडा ठरवून उघडलं. आपलं देवबाग म्हणजे एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला दर्या आणि मध्ये चिंचोळी वाळूची पट्टी. त्याच वाळूत विहीर आणि त्याच वाळूत शोषखड्डा. खोल्या वाढतात तशी विहीर काही सरकत नाही. असला आकडा देवबागसाठी ठरवायला कुणी बसलेलं मला दिसत नाही, आणि बसायला हवं.

"म्हणजे मी जाऊच नको?" विन्या रडकुंडीला आला.

"जा रे, नको कोण म्हणता? थयल्या कोणत्यातरी बाबलाच्या घराक रव. तेची बायल जा रांधात ता खा. पयलो इचार, पाणी खयसून येता. आणि मुख्य म्हणजे घासाघीस करू नको. गेल्या मे म्हयन्यात तुझो पुण्याचो मेवणो माझ्याकडे रवलो, सुरमयेच्या ताटार तास भर भांडलो!"

"ते पैसे दिले त्यानं!"

"खयचे? सोलकढीचे अजून येवचे आसत."

"सोलकढी ताटातच असते!" विन्या ओरडला.

"पयली ताटातली. मागसून प्यायलो ती खयची?" असं म्हणून बाबलनं बोटांवर मोजायला सुरुवात केली, पक्या हिशेबाला साक्षीदार म्हणून पुढे सरसावला, आणि मास्तरांनी व्याज किती धरायचं ते विचारलं.