प्लगच्या खड्ड्यात ऑइल दिसलं म्हणून इंजिन बोअरला येत नाही

नाशिकच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या जुन्या पेट्रोल गाड्यांबद्दलचा एक मेसेज फिरतोय. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते तोवर स्पार्क प्लगला हात लावू नका. प्लग काळे झाले तर पॉलिश पेपरने घासून परत बसवा. प्लगच्या खड्ड्यात ऑइल दिसलं की पिस्टनच्या रिंगा गेल्या, गाडी मिळेल त्या भावात काढून टाका. टॅपेट कव्हरमधून (इंजिनाच्या सगळ्यात वरच्या झाकणातून) ऑइल झिरपत असेल तर पॅकिंग बदलायची गरज नाही, बोल्ट आवळा आणि वरून सिलिकॉन फिरवा. आणि खर्च करायचाच असेल तर इरिडियम प्लग टाका, ॲव्हरेज वाढतो.

पाचही सल्ले चुकीचे आहेत, पण सगळ्यांचं नुकसान सारखं नाही. तिसऱ्या सल्ल्यापायी चांगल्या गाड्या मातीमोल भावात विकल्या जातात, नाहीतर धडधाकट इंजिन उतरवलं जातं. आपल्याकडे बारा-पंधरा वर्षांच्या किंवा त्याहून जुन्या वॅगन आर, झेन, होंडा सिटी घेऊन नीट चालवणारे हजारो लोक आहेत. कितीतरी जण सातपूर-अंबडच्या कंपन्यांतून निवृत्त झालेले, दुसरी गाडी घेण्याचा विचार नसलेले. त्यांच्यासाठी हा विषय गमतीचा नाही. म्हणून मेसेजचा क्रम सोडून तिसऱ्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो.

बऱ्याच पेट्रोल इंजिनांत प्लग हेडच्या, म्हणजे सिलिंडरांवरच्या भागाच्या, मधोमध उभे बसवलेले असतात. तिथवर पोचायला टॅपेट कव्हरमधून खाली नळीसारखे खड्डे जातात. या नळ्यांच्या भोवती, कव्हरच्या आत, व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट फिरत असतो आणि त्यावर सतत ऑइल उडत असतं. ते ऑइल बाहेर आणि खड्ड्यात येऊ नये म्हणून दोन गोष्टी असतात. कव्हरच्या कडेने फिरणारं रबरी पॅकिंग ही एक, आणि प्रत्येक खड्ड्याभोवतीचं गोल सील ही दुसरी. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन हे रबर कडक होतं. नखाने दाबलं तर दबत नाही, वाकवलं तर तडकतं. मग ऑइल थेंबाथेंबाने खड्ड्यात उतरतं.

आता रिंगा कुठे असतात ते बघा. त्या पिस्टनवर, सिलिंडरच्या आत, प्लगच्या टोकाच्याही खाली असतात. रिंगा घासल्या तर ऑइल सिलिंडरमध्ये येतं, पेट्रोलबरोबर जळतं आणि सायलेन्सरमधून निळसर धूर होऊन बाहेर पडतं. ते उलटं वर चढून प्लगचे आटे आणि वॉशर ओलांडून खड्डा भरत नाही. खड्ड्यातलं ऑइल वरून आलेलं असतं.

आमच्या इंदिरानगरच्या पार्किंगमध्ये शेजारच्या काकांची २०११ची वॅगन आर अशीच उघडली होती. एका गॅरेजमध्ये त्यांना ‘इंजिन बोअरला आलंय’, म्हणजे उघडून सिलिंडर नव्याने घासून घ्यावे लागतील, असं सांगून झालं होतं. मधल्या सिलिंडरची कॉइल (प्लगला वीज देणारा भाग) वर ओढली तेव्हा तिच्या खालचं रबरी बूट तेलाने चकाकत होतं, आणि टोकाला फुगून मऊ पडलं होतं. खड्ड्यात काळं ऑइल साचलेलं. सिरिंजला नळी लावून ते उपसलं, कापडाने टिपलं आणि मग प्लग काढला. षट्कोनी भाग ओला, पांढऱ्या चिनी मातीवर तेलाचे ओघळ, वरचे आटेही ओले. पण टोक कोरडं आणि फिकट तपकिरी, जसं निरोगी इंजिनाचं असायला हवं तसं. काका म्हणाले, “म्हणजे आत काही नाही?” आत खरंच काही नव्हतं. पॅकिंग, खड्ड्यांची सीलं, तीन प्लग आणि एक बूट एवढं बदललं, आणि गाडीचं मिसिंग, म्हणजे ठिणगी चुकून झटके देणं, थांबलं.

तुम्हीही हेच बघा. प्लगचं वरचं अंग ओलं आणि टोक कोरडं असेल तर दोष पॅकिंगचा किंवा सीलचा. टोकावरच ओलं काळं तेल किंवा जाड थर असेल तर मात्र रिंगा, व्हॉल्व्हची सीलं यांची चौकशी करायला हवी. तीही नुसत्या नजरेने नाही, काँप्रेशन टेस्ट करून, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजून. एका सिलिंडरचं काँप्रेशन कमी आलं तर त्यात चमचाभर ऑइल सोडून परत मोजतात. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर बहुधा व्हॉल्व्ह. ही टेस्ट न करता जो इंजिन उतरवायला सांगेल, त्याला टेस्ट करून दाखवायला सांगा. तुमचा तो हक्क आहे.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्यांच्या बाजूनेही मांडली पाहिजे. रिंगा फार घासल्या की इंजिनाच्या खालच्या भागात वायूचा दाब वाढतो, आणि तो दाब जुन्या पॅकिंगमधून ऑइल बाहेर ढकलतो. तोच प्रकार हा वायू तिथून काढून घेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह चोंदला तरी होतो. म्हणून नवं पॅकिंग थोड्याच दिवसांत परत गळायला लागलं तर आधी हा छोटासा व्हॉल्व्ह आणि त्याचा पाइप बघायचा.

आणखी एक घोळ इथेच होतो. टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि हेड गास्केट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. हेड गास्केट ब्लॉक आणि हेडच्या मध्ये असतं. ते गेलं की कूलंट कमी होतं, गाडी तापते, ऑइल दुधाळ होतं, आणि खर्च मोठा येतो. टॅपेट कव्हरचं पॅकिंग सगळ्यात वर असतं. त्यासाठी हेड उचलावं लागत नाही. ‘गास्केट गेलंय’ एवढंच ऐकून घाबरू नका, कुठलं ते विचारा.

आता बोल्ट आवळण्याबद्दल. टॅपेट कव्हरचे बोल्ट बहुतेक गाड्यांत ६ मिमीचे असतात आणि ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये बसतात. त्यांचा टॉर्क (आवळायचा जोर) साधारण ८ ते ११ न्यूटन मीटर, म्हणजे मनगटाच्या जोराएवढा. लांब दांडीचा पाना लावून त्यावर भार टाकला की आटे जातात, आणि आटे गेले की पॅकिंगच्या खर्चात सुटणारं काम आटे परत पाडण्यावर जातं. अनेक गाड्यांत बोल्टला खांदा असतो. तो टेकला की पुढे कितीही आवळा, रबर आणखी दबत नाही. प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर तेच वाकतं. कडक झालेलं रबर दाबाने मऊ होणार नाही, हे साधं आहे. सातपूरला असेंब्ली लाइनवर काम केलेल्या माणसाला टॉर्कचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. गाडी गॅरेजमध्ये गेल्यावरही तोच आग्रह धरायला हवा.

सिलिकॉनचं दुखणं लगेच दिसत नाही. पॅकिंगऐवजी किंवा पॅकिंगवर सगळीकडे ते फासलं की कव्हर बसताना जादा भाग आतही दाबला जातो. त्याचे तुकडे सुटून ऑइलबरोबर खाली जातात आणि ऑइल पंपाच्या जाळीवर अडकतात. जाळी चोंदली की कॅमशाफ्टला ऑइल कमी पडतं. सिलिकॉनला जागा आहे, पण ती ठरलेली. टायमिंग कव्हर आणि हेडचा सांधा जिथे येतो त्या कोपऱ्यांवर, मॅन्युअलमध्ये दाखवलेलं असेल तिथेच, बारीक ठिपका. बाकी पृष्ठभाग पुसून कोरडा.

आणि हे ऑइल बाहेर झिरपतं तेव्हा ते एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांवर) पडू शकतं. मुंबई नाक्याच्या सिग्नलला गाडी थांबली की आत जळकट वास येतो, तो बऱ्याचदा त्याचाच. गळती वाढली तर आग लागण्याचा धोका खरा आहे.

पॉलिश पेपरचा सल्ला जुन्या स्कूटरच्या काळातला आहे. ठिणगी धारदार कडेवरून सहज उडते. वापराने त्या कडा गोल होतात आणि गॅप, म्हणजे ठिणगी ओलांडते ते अंतर, वाढतो. घासल्याने काजळी जाते, झिजलेला धातू परत येत नाही. पेपरची रेती प्लगमध्ये अडकून सिलिंडरमध्ये जाऊ शकते. तारेच्या ब्रशने धातूचे कण चिनी मातीवर चिकटतात आणि वीज ठिणगी न उडवता त्यांवरून निघून जाते. इरिडियमचं टोक तर सुईसारखं बारीक, ब्रश लागला की संपलं.

‘सुरू होते ना?’ या कसोटीबद्दल. सुरू होणं हे प्लगसाठी हलकं काम आहे. खरी परीक्षा भाराखाली होते. मुंबईहून येताना कसारा घाटात गाडी भरलेली, एसी चालू, गिअर वरचा असतो. तेव्हा सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. गॅप वाढलेला असेल तर कॉइलला तेवढं व्होल्टेज देताना ताण येतो, ठिणगी चुकते, गाडी झटके देते. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि तो भाग तापून खराब होतो. दोन-चार साध्या प्लगांच्या पैशांत वाचणारी ती वस्तू आहे. साधे निकेलचे प्लग सर्वसाधारणपणे २०,००० ते ४०,००० किमी टिकतात, इरिडियमचे ८०,००० ते १,००,०००. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो. सीएनजी किट असेल तर प्लग आधी बदला. गॅसला ठिणगी उडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं.

इरिडियमने ॲव्हरेज वाढत नाही. झिजलेले प्लग काढून नवे कुठलेही योग्य प्लग टाकले तर गेलेला ॲव्हरेज परत येतो, त्याचं श्रेय इरिडियमला मिळतं. ते जास्त टिकतात, एवढाच त्यांचा खरा फायदा. महत्त्वाचा असतो प्लगचा नंबर. आटे बसले म्हणून प्लग बसला असं होत नाही. उष्णतेचा नंबर (प्लग उष्णता किती लवकर सोडतो ते सांगणारा) कंपनीगणिक उलटा चालतो. एनजीकेमध्ये ५पेक्षा ६ नंबर थंड, बॉशमध्ये मोठा नंबर गरम. दुकानात नुसता आकडा सांगून प्लग घेऊ नका, गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून जुळवून घ्या.

पॅकिंग आणि प्लग एकाच वेळी करून घ्या, कारण कॉइल तशाही निघतात. इंजिन थंड हवं. कव्हर काढून खड्डे साफ होईपर्यंत जुने प्लग जागेवरच राहू द्या, म्हणजे कचरा आणि ऑइल सिलिंडरमध्ये पडत नाही. नवा प्लग आधी हाताने फिरवत बसवायचा, आटे वाकडे जाऊ नयेत म्हणून. वॉशरचा प्लग टॉर्क पाना नसेल तर हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश वळसा. फुगलेली बूटं परत लावू देऊ नका, मिसिंग पुन्हा येईल.

जुनी होंडा सिटी आय-डीएसआय असेल तर एक जादा काळजी. तिला चार सिलिंडरना आठ प्लग असतात. मागची रांग काढायला वेळ लागतो म्हणून काही ठिकाणी पुढचे चारच बदलून काम संपवतात. गाडी ताब्यात घेताना जुने प्लग परत मागा आणि आठ आहेत का ते तिथेच मोजा.