‘रिकामटेकड्यांची पिकनिक’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार.

संस्थांनी वर्षातून एकदा तरी आपल्या माणसांचा स्नेहमेळावा हॉटेलच्या हॉलऐवजी एखाद्या गावात, पाणी अडवण्याच्या श्रमदानाच्या जोडीने घ्यावा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर ‘एक करदाता’ या नावाने आपली प्रतिक्रिया आली. बाकीच्या वाचकांसाठी ती थोडक्यात देते. आपण लिहिता, “जे काम जेसीबी दोन तासांत करतो त्यासाठी दीडशे रिकामटेकड्यांची पिकनिक कशाला? टोप्या, बॅनर आणि जेवणावळीचा पैसा डिझेलला द्या.” शिवाय कर्मचाऱ्यांना सुट्टीच्या दिवशी सक्तीने आणलं जातं, खर्चाचा हिशोब कुणी दाखवत नाही आणि भाषणं संपता संपत नाहीत, असंही आपलं म्हणणं आहे.

भाषणांचं मान्य. एप्रिल-मेच्या उन्हात माणसांना बसवून पाहुण्यांचा परिचय तासभर वाचू नये. एवढं आपलं बरोबर आहे आणि ते मी मोकळेपणाने कबूल करते.

पण रिकामटेकडे? कुणाला म्हणताय आपण? माझी उभी नोकरी एका सहकारी बँकेत गेली. आमच्या श्रमदानाला येणारी माणसं मार्चअखेरचे हिशोब रात्री उशिरापर्यंत बसून पुरे केलेली असायची. रोखपाल, शिपाई, वसुली अधिकारी, गाडीचे ड्रायव्हर. त्यातल्या कित्येकांना आठवड्याची एकच सुट्टी, तीही घरच्या कामात जाणारी. अशा माणसांबद्दल ओळखदेख नसताना असा शब्द वापरणं मला असभ्यपणाचं वाटतं. मतभेद असू द्यात, पण भाषा जपून वापरावी, एवढी अपेक्षा मी कुठल्याही वाचकाकडून ठेवते.

आणि श्रमाचा हिशोब मला कुणी शिकवू नये. मी साताऱ्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातली. १९७२ च्या दुष्काळात माझी आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. तिथे मिळणारी सुकडी आम्ही भावंडं वाटून खायचो. त्या वर्षी आमच्या भागात हाताने किती काम उभं राहिलं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे ‘घमेली उचलून काय होतं’ हा प्रश्न मला विचारण्याआधी आपण थोडा विचार करायला हवा होता.

आता जेसीबीबद्दल. यंत्राला माझा विरोध नाही, कधीच नव्हता. नाल्याचं खोलीकरण, शेततळं, मोठा बांध ही यंत्राचीच कामं. २०१६ ते २०१९ या काळात पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्येही, म्हणजे गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेत, श्रमदान आणि यंत्रकाम या दोन्हींना गुण होते. पहिल्या वर्षी कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं, २०१८ मध्ये आमच्या माणमधलं टाकेवाडी. दोन्ही गावांत माणसं आधी डोंगरावर चढली, हे तिथे जाऊन कुणालाही विचारा.

डोंगराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवायचं तर सुरुवात वरून होते, आणि वर चढ इतका असतो की बऱ्याच ठिकाणी यंत्र जातच नाही. तिथे सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीतले लांब खड्डे, हातानेच खणावे लागतात. पाणी भरलेली नळी दोन काठ्यांना बांधून समपातळीची रेघ काढायची, फक्कीने ती आखायची आणि मग टिकाव घालायचा. निघालेली माती उताराच्या बाजूला लावायची. ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल आणि १० मीटर लांब चर एकदा भरला की १,८०० लिटर पाणी तिथे थांबतं. पावसाळ्यात तो पुनःपुन्हा भरतो आणि जिरतो. हे काम ज्यांनी केलं त्यांना आपण पिकनिकवाले म्हणता.

खरी गोम त्यानंतर आहे. चर खणून संपत नाही. त्यात गाळ येतो. डोंगरावर जनावरं मोकळी सोडली की काठ ढासळतात. हिवरे बाजारला पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. त्यांच्या गावाने श्रमदानाच्या जोडीला चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी आणि नसबंदी अशी पंचसूत्री धरली. आता चराईबंदी यंत्राने कशी करणार? त्यासाठी गाव एका जागी बसावं लागतं, ज्याची शेळ्या-मेंढ्यांवर गुजराण आहे त्याचं ऐकून घ्यावं लागतं, भांडणं मिटवावी लागतात. एकत्र राबलेल्या आणि एका पंगतीला जेवलेल्या माणसांत हे बोलणं सोपं जातं. गाडगेबाबा दिवसा खराट्याने गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावाला कीर्तनाला बसवायचे. झाडणं आणि जमणं त्यांनी कधी वेगळं काढलं नाही. आपल्या हिशोबाने ते कीर्तनही वाया गेलेला वेळ ठरेल.

‘पैसा द्या आणि घरी बसा’ हे सांगायला सोपं आहे. मोठ्या कंपन्यांना नफ्यातले २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायला २०१३ च्या कंपनी कायद्याने लावलंच आहे. चेक निघतो, फलक लागतो आणि पुढे त्या गावात कुणाचं नावही कुणाला माहीत नसतं.

माझ्या लेखाचा मुख्य मुद्दा तर आपण वाचलेलाच दिसत नाही. श्रमदानातून संस्थेला काय मिळतं, हे मी लिहिलं होतं. आमच्या बँकेची माणसं त्या गावांत एरवी एकाच कामाला जायची, वसुलीला. गाडी दिसली की घराची दारं लागायची. पहिल्या श्रमदानाला आमचे वसुली अधिकारी टिकाव घट्ट आवळून मारत होते. शेजारच्या थकबाकीदार बाईंनी त्यांना थांबवलं. “मूठ ढिली धरा साहेब, न्हायतर फोड येतील,” म्हणून स्वतः करून दाखवलं. दुपारी दोघं एकाच ओळीत पिठलं-भाकरी खायला बसले. पुढच्या हंगामात त्या बाई हप्ता चुकण्याआधी आपणहून शाखेत आल्या. कांद्याचं काय झालंय ते सांगितलं आणि मुदत मागितली. नोटीस निघाली नाही, घरापुढे तमाशा झाला नाही. कर्ज फिटलं.

आणखी एक. मुख्य कार्यालयातल्या ज्या बाईंशी माझी वर्षानुवर्षं फोनवरून तणातणी व्हायची, त्या घमेल्याच्या साखळीत माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांच्या टेबलावर तीन माणसांचं काम आहे, हे मला तेव्हा कळलं. त्यानंतर आमच्या शाखेचे कागद अडले नाहीत. एकमेकींना काय हवंय आणि कशाला उशीर होतोय, ते आम्ही सरळ विचारू लागलो. अशी ओळख परिपत्रकाने होत नाही. हॉटेलातल्या मेळाव्यातही होत नाही, कारण तिथे प्रत्येक शाखा आपापलं टेबल धरून बसते. हेही मी अनेकदा पाहिलंय.

राहिले बाकीचे मुद्दे. सक्ती कुठे झाली असेल तर ती चूकच, पण तो माझ्या लेखाचा विषय नव्हता. खर्चाचा हिशोब हवा असेल तर आपण ज्या संस्थेचे सभासद असाल तिथल्या वार्षिक सभेत उठून विचारा, तो आपला हक्क आहे. मी इथे कुणाचे ताळेबंद मांडणार नाही. जेवणावळीचं म्हणाल तर स्वयंपाक गावातल्या बचत गटाच्या बायका करायच्या आणि त्याचे पैसे त्यांना मिळायचे. तो पैसा गावातच राहायचा.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. यंत्र बरं की हात, यावर आपल्याला आणखी लिहायचं असेल तर जरूर लिहा, मी उत्तर देईन. ‘रिकामटेकडे’ हा शब्द मात्र आपण मागे घ्यावा. त्या डोंगरावर राबलेले माझे काही सहकारी हा ब्लॉग वाचतात.