आरामखुर्चीविषयीच्या आपल्या अभिप्रायाला दुकानातर्फे उत्तर

सप्रेम नमस्कार.

राजारामपुरीतील आमच्या दुकानातून आपण आईसाठी नेलेल्या खुर्चीला दोन तारे देऊन आपण लिहिले आहे की, नावाने ती आरामखुर्ची असली तरी तिच्यातून उठताना आईंना दोघांनी हात द्यावा लागतो. वेताची म्हणून सांगितलेली खुर्ची प्रत्यक्षात लाकडाची निघाली. पावसाळ्यात तिची बैठक सैल पडली. आणि खुर्चीच्या एका हातावर पांढरट पट्टा असल्यामुळे लाकूड सागवान नसावे, असेही आपले म्हणणे आहे. ‘वर्णन एक आणि वस्तू दुसरी’ असा ठपकाही आपण ठेवला आहे. मातोश्रींना होणारा त्रास यांत सर्वांत महत्त्वाचा असल्याने प्रथम त्याविषयी लिहितो.

आरामखुर्ची घडवली जाते ती मागे रेलून, अंग सैल सोडून पडण्यासाठी. म्हणून तिची पाठ कललेली असते, बैठक पुढे उंच व मागे उतरती असते आणि हात लांब असतात. आपण नेलेल्या खुर्चीची बैठक पुढच्या कडेला १५ इंच आणि मागच्या बाजूला ११ इंच उंच आहे. ही मापे खुर्चीला बांधलेल्या चिठ्ठीवर आणि आपल्या बिलावरही लिहिलेली आहेत. खुर्चीतून उठताना माणूस आधी पावले गुडघ्यांच्या मागे घेतो, कमरेतून पुढे वाकतो आणि शरीराचा भार पावलांवर आल्यावरच उभा राहतो. उतरत्या बैठकीत कंबर गुडघ्यांपेक्षा खाली जाते आणि पाठ मागे राहते, त्यामुळे तो भार पुढे आणण्याचे सगळे काम मांड्यांना आणि गुडघ्यांना करावे लागते. तरुण माणसाला हे जाणवतही नाही. गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीला मात्र तेच अशक्य होऊन बसते. ज्या रचनेमुळे या खुर्चीत पडून बरे वाटते, तीच रचना उठण्याच्या आड येते, आणि कितीही चांगल्या कारागिराने बनवली तरी आरामखुर्चीत हे टळत नाही.

मातोश्रींसाठी योग्य ती सरळ पाठीची, हातांची खुर्ची: बैठक सपाट, उंची १८ इंचांच्या आसपास, हात बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आलेले म्हणजे त्यांवर तळवे रेटून उठता येते, आणि पुढच्या दोन पायांमध्ये खाली आडवी पट्टी नसलेली, म्हणजे पावले मागे घ्यायला जागा राहते. बाजारात हल्ली गादी आणि हात असलेल्या कोणत्याही खुर्चीला ‘आराम’ हा शब्द जोडला जातो, त्यामुळे घरातील वडीलधाऱ्यांसाठी खुर्ची घ्यायला निघालेला माणूस साहजिकच त्याच नावाने विचारणा करतो. ही पद्धत आम्हाला पटत नाही, आणि म्हणूनच नावापुढे मापे लिहिण्याचा आमचा आग्रह असतो.

वेताबद्दल सांगायचे तर, या धंद्यात ‘वेताची खुर्ची’ दोन प्रकारांना म्हणतात. एकीत सांगाडाही जाड वेत वाकवून केलेला असतो. दुसरीत सांगाडा लाकडी असतो आणि बैठक व पाठ वेताच्या पट्ट्यांनी विणलेली असते. आपल्या बिलावर ‘सागवानी, बैठक व पाठ वेतकामाची’ असे स्पष्ट लिहिले आहे. खुर्ची उलटी करून पाहिल्यास चौकटीच्या कडेने ओळीने पाडलेली भोके आणि त्यांतून ओवून खाली गाठ मारलेल्या पट्ट्या दिसतील. उभ्या, आडव्या आणि तिरक्या पट्ट्या एकमेकींत गुंफून ही जाळी हाताने विणली जाते. तयार जाळी खाचेत दाबून बसवण्याचे काम त्यापेक्षा पुष्कळ लवकर होते. परंतु हाताच्या विणीत एखादी पट्टी तुटली तर तेवढी बदलता येते, म्हणून आम्ही वेळ लागला तरी हाच प्रकार ठेवतो.

कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत वेत ओल धरतो आणि किंचित सैल पडतो, हा त्याचा धर्मच आहे. बैठकीची खालची बाजू, जिथे पॉलिश नसते, ओल्या फडक्याने चांगली भिजवावी आणि पूर्ण वाळेपर्यंत खुर्चीवर कोणी बसू नये. वाळताना वेत आक्रसतो आणि जाळी पुन्हा ताणली जाते. उन्हात मात्र ठेवू नये, वेत कडक होऊन तडकतो.

हातावरचा पांढरट पट्टा सागवानाचाच आहे. सागाचा गाभा सोनेरी-तपकिरी असतो आणि सालीलगतचे लाकूड फिकट असते. हे फिकट लाकूड गाभ्याइतके वाळवीपुढे टिकत नसल्यामुळे आम्ही ते खुर्चीच्या पायांत वापरत नाही. हाताच्या कडेला अशी रेघ आल्यास रंग चढवून ती झाकण्यापेक्षा आहे तशी दिसू देणे आम्हाला अधिक प्रामाणिक वाटते.

खुर्ची भेट म्हणून द्यायची असल्याने खरेदीच्या वेळी मातोश्री सोबत नव्हत्या. आपली तयारी असेल तर ही आरामखुर्ची आम्ही परत घेऊ आणि तिच्या बदल्यात हातांची खुर्ची त्यांच्या मापाने करून देऊ. किमतीत फरक निघाल्यास तो परत करू, आणि ने-आण आमच्याकडे राहील. त्यासाठी मातोश्रींना पाऊल जमिनीवर सपाट टेकवून बसवावे, जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंतची उंची मोजावी, आणि त्या घरात चप्पल वापरत असतील तर ती घालूनच माप घेऊन आम्हाला कळवावे.