घरपट्टी भरली म्हणजे चूक कबूल केली, हे कुणी सांगितलं?

माझ्या आत्यानं तीन सहामाही घरपट्टी भरली नाही. पैसे नव्हते म्हणून नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक मजकूर तिला चुलतभावानं छापून आणून दिला, तिनं तो बिलाला टाचणीनं लावला आणि दोन्ही कागद कपाटात ठेवून दिले. बिलाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलंय : 'भरायचं नाही'. गेल्या महिन्यात दारावर जप्तीची नोटीस डकवली गेली तेव्हा तिचा फोन आला. "अगं, त्यात तर लिहिलं होतं, ते काहीच करू शकत नाहीत म्हणून."

मजकुरात सहा दावे आहेत. महापालिकेला कर आणि दंड लावण्याचा घटनेत अधिकारच नाही. नोटीस हातात घेतली नाही तर ती लागू होत नाही. बिल मयत माणसाच्या नावावर असेल तर ते रद्द. शास्ती, म्हणजे करावरचा दंड, सरकारनं माफ केली आहे आणि भरलीच तर बांधकाम नियमित होतं. लोकअदालतीत सगळं माफ होतं. आणि सर्वांत वर, ठळक अक्षरांत : बिलाबद्दल तक्रार असेल तर एक रुपयाही भरू नका, भरलंत की कबूल केलंत, सरळ कोर्टात जा.

या शेवटच्या वाक्यानं आत्याचं नुकसान केलं, म्हणून आधी त्याच्याबद्दल.

मुंबईचा कायदा वेगळा, १८८८ चा. बाकीच्या महापालिकांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू आहे. त्याचं कलम ४०६ अपिलाबद्दल आहे. ते सांगतं की अपील १५ दिवसांच्या आत करायचं, त्याआधी महापालिकेकडे रीतसर तक्रार केलेली असली पाहिजे, आणि ज्या कराबद्दल वाद आहे ती रक्कम आधी जमा केलेली असली पाहिजे. यातलं काही राहिलं तर अपील ऐकलंच जात नाही. म्हणजे 'भरू नका आणि कोर्टात जा' असं ज्यानं लिहिलं, त्यानं वाचणाऱ्याच्या हातून कोर्टाचा दरवाजा बंद करून घेतला.

ही अट अन्यायाची वाटते, हे मी समजू शकते. चूक त्यांची आणि पैसे आधी आपण का ठेवायचे? हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. हा कायदा मूळचा मुंबई प्रांताचा, त्यामुळे गुजरातमध्येही तोच चालत होता. तिथल्या अनंत मिल्स खटल्यात १९७५ साली न्यायालयानं कलम ४०६ मधली रक्कम भरण्याची अट वैध ठरवली. अपिलाचा हक्क कायद्यानं दिलेला आहे, तो देताना कायदा अट घालू शकतो, असं न्यायालयाचं म्हणणं. हा निकाल आवडो न आवडो, फोनवरून फिरणाऱ्या मजकुरापेक्षा तो मोठा आहे.

आणि भरणं म्हणजे कबुली, हे कुठून काढलं? ज्या कायद्यात भरल्याशिवाय भांडताच येत नाही, त्या कायद्यात भरणं ही कबुली कशी असेल? पैसे भरताना सोबत अर्ज द्यायचा : 'माझी हरकत कायम ठेवून ही रक्कम भरत आहे', खाली पावती क्रमांक, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून पोच घ्यायची. एवढा एक कागद. आत्याकडे टाचणी लावलेला मजकूर होता, पोच नव्हती.

तिची बाजू खरी होती, हेच जास्त लागतं. काका समोरच्या खोलीत शिवणाचं काम करायचे, म्हणून ती खोली बिगरनिवासी धरली होती आणि दर जास्त. काका गेले, मशीन विकली, आता तिथं आत्याची कॉट आहे. खोली निवासी करून मागायला साधा अर्ज पुरला असता. फेरआकारणीची, म्हणजे कर नव्यानं ठरवण्याची, विशेष नोटीस आली होती, तिच्यावर हरकतीची मुदतही छापलेली होती. पण मजकूर म्हणाला उत्तर देऊ नका, तिनं दिलं नाही, मुदत गेली. आणि मागणीची मुदत उलटल्यावर दरमहा २ टक्के शास्ती लागत राहते, म्हणजे वर्षाला २४. तिच्या सगळ्यांत जुन्या बिलावर १५ महिन्यांचे ३० टक्के चढले होते. मूळ तक्रार कराच्या दराची, आणि आता तिला भरावी लागली ती वर शास्ती.

मयत माणसाच्या नावाचा दावाही तिनं धरून ठेवला होता, कारण बिल अजून काकांच्या नावावर आहे. याच कायद्याचं कलम १४१ म्हणतं की मालमत्ता कराचा पहिला बोजा त्या मिळकतीवर असतो, फक्त सरकारचा जमीन महसूल त्याच्या आधी. कर घराला चिकटलेला आहे. घरमालक गेला म्हणून तो जात नाही, उलट घर विकताना किंवा वारसांची नावं लावताना हीच थकबाकी पहिल्यांदा समोर येते. ज्या घरात नुकतं माणूस गेलंय तिथं असली थाप पोचवणाऱ्यांचा मला राग येतो. त्या दिवसांत बाईला बँक, पेन्शन, दाखले यांतून डोकं वर काढायला सवड नसते, आणि तुम्ही तिला सांगता की हे एक काम सोडून दे.

शास्तीबद्दल लिहिणाऱ्याला मुळात दोन शास्त्या आहेत हेच ठाऊक नाही. एक उशिराची, वर सांगितलेली. दुसरी कलम २६७अ ची, विनापरवाना बांधकामावर, मुळात दरवर्षी मालमत्ता कराच्या दुप्पट ठेवलेली. पिंपरी-चिंचवडमध्ये जिच्यावरून वर्षानुवर्षं आंदोलनं झाली ती ही दुसरी, आणि २०२३ मध्ये सरकारनं तिथं माफ केली तीही हीच. मूळ कर भरायचाच होता. त्या बातमीवरून सगळ्या महाराष्ट्राची शास्ती माफ झाली असं ठरवणं म्हणजे शेजारच्या गावात पाऊस पडला म्हणून आपली विहीर भरली म्हणणं. आणि शास्ती भरली की बांधकाम नियमित होतं, हे तर २६७अ मध्येच स्पष्ट नाकारलंय : कर आणि शास्ती वसूल केली म्हणून ते बांधकाम नियमित झालं असा अर्थ काढायचा नाही. पाडण्याची कारवाई वेगळी चालू शकते. या थापेवर विसंबून कुणी वरचा मजला चढवला असेल तर त्यानं पावत्या दाखवून काही उपयोग नाही.

घटनेचा मुद्दा थोडक्यात. ७४व्या घटनादुरुस्तीनं, १ जून १९९३ पासून, घटनेत नगरपालिकांचा स्वतंत्र भाग आला. राज्य विधिमंडळ कायदा करून त्यांना कर लावण्याचा अधिकार देऊ शकतं, हे तिथं लिहिलेलं आहे. नोटीस हातात न घेण्याबद्दल : दारावर डकवली तरी ती बजावलेली धरता येते. आत्याच्या दाराच्या चौकटीवर खळीचा डाग अजून आहे.

लोकअदालतीबद्दल मात्र मजकुरात अर्धं खरं आहे, मला मान्य करावंच लागेल. महापालिका थकबाकीची प्रकरणं तिथं ठेवतात, अभय योजनाही काढतात, आणि शास्तीत मोठी सूट मिळते, कधी कधी बहुतेक सगळी. पण सूट शास्तीवर असते, मूळ करावर नाही, आणि ती जाहीर केलेल्या तारखेपर्यंतच. सूट मिळेल म्हणून मुद्दाम थकवून बसणाऱ्यानं ती योजना पुढच्या वर्षी निघेल हे कुणाकडून लिहून घेतलंय?

आत्याची थकबाकी आम्ही शास्तीसकट भरली, हरकत कायम ठेवून. समोरच्या खोलीचा वापर बदलल्याचा अर्ज दिला, सोबत वीजबिल आणि खोलीचे फोटो. काकांच्या जागी तिचं नाव लावायचा अर्ज वेगळा दिला. दोन्ही प्रतींवर शिक्के आहेत. निरीक्षक पाहणीला यायचे आहेत. तोवर टाचणी काढून मी तो छापील मजकूर माझ्याकडे घेतला आहे, आणि चुलतभावाला सांगितलंय की ज्या ज्या घरी त्यानं तो दिला तिथं स्वतः जाऊन परत आण.