मांजऱ्याचा भाव काय?

अंबाजोगाईला आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे आणि त्याच गावातल्या शाळेत मी 35 वर्षे मराठी शिकवले. त्यामुळे निवृत्तीनंतर बांधायच्या घरासाठी आधी पाण्याचा हौद खोदून घ्यायचे ठरले, तेव्हा गुत्तेदाराशी होणारा करार निदान भाषेच्या अंगाने तरी निर्दोष असेल, याची मला खात्री होती. हौद 20 फूट लांब, 12 फूट रुंद आणि 10 फूट खोल. हौद केवढा थोरला, असे पाहुणे म्हणतात. पण 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलेले ज्याने पाहिले आहे, त्याला कोणताही हौद थोरला वाटत नाही. एकूण 2,400 घनफूट, म्हणजे 100 घनफुटांच्या हिशेबाने बरोबर 24 ब्रास. हिशेब इतका सुबक जमला होता की तो जमिनीलाही मान्य असणार, असे मी धरून चाललो.

तहसीलसमोरच्या टंकलेखकाकडे आम्ही 500 रुपयांचा स्टॅम्प घेऊन गेलो. (पूर्वी असल्या कागदांना 100 रुपयांत भागत असे, ऑक्टोबर 2024 पासून 500 लागतात, त्यामुळे शब्द न् शब्द वसूल करण्याची इच्छा अधिक होती.) "खोदाईचा नमुना न्हाई, सर. भाड्याचा हाय, त्यातच बसवू," असे म्हणून त्याने 'भाडेकरू' या शब्दाच्या जागी सर्वत्र 'गुत्तेदार' घातला. 'लिहून घेणार' मी झालो, 'लिहून देणार' तो झाला, आणि आम्ही दोघेही राजीखुशीने, नशापाणी न करता, पूर्ण शुद्धीवर असल्याचे कागदावर उमटले. माती-मुरुमाला ब्रासमागे 400 रुपये आणि काळ्या पाषाणाला 1,600 रुपये असे दोन दर ठरले. मी तासभर बसून ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. सातव्या कलमात 'मुदत 11 महिने असून मुदत संपताच सदर जागेचा खाली व शांततापूर्ण ताबा देईन' असे एक वाक्य होते. त्यातला 'शांततापुर्ण' मी दीर्घ केला आणि समाधानाने पुढे गेलो.

पहिले चार फूट अगदी कराराबरहुकूम निघाले. वर काळी माती, खाली पिवळसर मुरूम. मग जेसीबीच्या बकेटचे दात कशावर तरी घासले आणि फळ्यावर ओला खडू ओढल्यासारखा आवाज झाला. गुत्तेदार काठावर उकिडवा बसला, खाली वाकून पाहिले आणि आप्तेष्टाचे दुःखद वृत्त सांगावे तशा आवाजात म्हणाला, "सर, पाषाण लागला. ब्रेकर आणावा लागतंय."

राहिलेल्या सहा फुटांत 14.4 ब्रास होते आणि दोन दरांतला फरक 17,280 रुपयांचा होता. एवढ्या रकमेसाठी मी स्वतः शिडीने खड्ड्यात उतरलो. समोरचा दगड काळा नव्हता. तपकिरी-करडा होता आणि त्याच्या अंगभर भिजवलेल्या साबुदाण्यासारखे पांढरे दाणे होते. नखाने दाणा सुटला, दगड मात्र सुटला नाही. मी त्याला मुरूम म्हणालो, गुत्तेदार पाषाण म्हणाला, आणि त्या दिवशी जेसीबी सावलीत उभा राहिला.

बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या शेजाऱ्यांनी मोजमापाचे भारतीय मानक, म्हणजे आयएस 1200 चा पहिला भाग, काढून दाखवला. सुरुंगाशिवाय निघतो तो मऊ खडक, सुरुंग लावावा लागतो तो कठीण खडक, असा त्याचा एकूण आशय. कसोटी उत्तम होती. परंतु त्यांच्याच स्वयंपाकघराच्या खिडकीपासून 15 फुटांवर ती घेऊन पाहण्यास ते राजी होईनात. मग मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलो, जो आता वकिली करतो. त्याने कागद दोनदा वाचला आणि सांगितले की, ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो 1872 च्या करार कायद्याच्या कलम 29 प्रमाणे निरर्थक ठरतो. "सर, शुद्धलेखन छान आहे, पण करार मोघम आहे," तो म्हणाला. त्याच्या निबंधांच्या समासात 'मोघम' हाच शब्द मी तीन वर्षे लाल शाईने लिहीत आलो होतो. त्याच्या चेहऱ्यावरून तोही ते विसरलेला नसावा.

शेवटी गुत्तेदारानेच तोड काढली. उभा जन्म विहिरी फोडण्यात घालवलेले एक आबा त्याने मोटरसायकलवर बसवून आणले. आबांनी खड्ड्यात उतरून हातोड्याचे दोन ठोके दिले, कान लावला, तंबाखू मळली आणि निकाल दिला, "ह्यो मांजऱ्या. ह्यो मुरूमबी न्हाई अन् पाषाणबी न्हाई." आपल्याकडे बेसाल्टच्या थरांत असा सच्छिद्र, पांढऱ्या दाण्यांचा खडक असतो, त्याला मांजऱ्या म्हणतात, हे सबंध गावाला ठाऊक होते, ठाऊक नव्हते ते भाषेच्या शिक्षकाला. स्टॅम्पच्या समासात मी स्वहस्ते 'मांजऱ्या, ब्रासला 900 रुपये' असे लिहिले आणि दोघांनी सह्या केल्या.

एवढ्यावर भागले असते. पण बिल 33 ब्रासचे आले. कुंपणाच्या भिंतीवर विटेच्या तुकड्याने ओढलेल्या 33 रेघा गुत्तेदाराने दाखवल्या, एका ट्रॉलीला एक. खोदलेला माल सैल होऊन फुगतो, म्हणून माप खड्ड्याचे घ्यायचे असते, हे शेजाऱ्यांनी त्याला पुस्तकासह समजावले. त्याने शांतपणे करार उघडला. 'निघालेल्या मालाच्या ब्रासप्रमाणे' हे शब्द माझेच होते. माल निघाल्याशिवाय तो 'निघालेला' होत नाही, आणि निघाला की फुगतो. धातुसाधित विशेषण इतके महाग पडल्याचे दुसरे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. तडजोड 27 ब्रासवर झाली.

निघालेला माल कोणाचा, हे कुठेच लिहिलेले नव्हते. पुढे जोत्याच्या भरावासाठी मी त्याच्याचकडून सहा ट्रॉल्या मुरूम विकत घेतला. पसरताना फावड्याला निळ्या फुलांच्या कपाचा कान लागला. तो कप खोदाईच्या पहिल्या दिवशी, त्याच्याच माणसांना चहा देताना आमच्या हिच्या हातून फुटला होता.

जूनमध्ये एका रात्रीत हौदाचा खड्डा कमरेइतका भरला. मी लगबगीने करार काढला, सातव्या कलमातला 'खाली व शांततापूर्ण ताबा' गुत्तेदाराला वाचून दाखवला आणि पंप लावून पाणी उपसण्यास फर्मावले. त्याने कागद हातात घेतला, ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचला आणि म्हणाला, "मुदत 11 महिन्यांची हाय, सर. अजून नऊ महिने हायत." खालून बेडकांचा एवढा कालवा चालला होता की त्याला हे दोनदा सांगावे लागले.