कळलं, कळलं!

आपला मुख्य दुर्गुण कोणता, हे शोधायला मी हल्ली वही ठेवली आहे. षड्रिपूंचे सहा रकाने, रोज रात्री फुल्या. बहुतेक फुल्या क्रोधाखाली पडत होत्या आणि मी मनातून खूश होतो. क्रोध हा तसा भारदस्त दुर्गुण. थेट दुर्वासांच्या पंगतीत पान!

मग परवा दवाखान्यात ते काका शेजारी येऊन बसले. बोलणं इतकं सावकाश, की दोन शब्दांच्या मध्ये माणसानं अंघोळ उरकून यावं.

"अहो, जरा... तुमचा..."

"नंबर ना? नाही आला अजून."

"नाही. तुमचा पाय..."

"दुखतोय ना, म्हणून तर आलोय."

"तुमचा पाय... माझ्या..."

"पिशवीला लागला? सॉरी हं!" मी खालची पिशवी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली.

"ही पिशवी... माझी..."

"तुमचीच हो! कोण घेतंय?"

"...नाही."

समोरच्या बाई उठल्या, काकांच्या मांडीवरून पिशवी ओढून घेतली आणि माझ्याकडे बघत दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या.

काकांनी डोळे मिटले. "तुमचा पाय माझ्या चपलेवर आहे. आणि माझा नंबर केव्हाच पुकारलाय."

मी पाय उचलला. त्यांनी शांतपणे चप्पल चढवली. दाराशी जाऊन वळले. "राग मानू नका, पण तुमच्यात एक मोठा दोष..."

"कळलं, घाई!"

"नाही," असं म्हणून ते आत गेले.

नाही? मग काय? बरं, घाई सहा रिपूंत बसत नाही हेही खरंच. पण मी म्हणतो, दोष एकट्या माझाच कसा? २००९ साली दहा भाषांतल्या प्रश्नोत्तरांचा अभ्यास झाला. प्रश्न संपून उत्तर सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो म्हणे. एक शब्द जुळवून तोंडाबाहेर काढायला मात्र याच्या सुमारे तिप्पट वेळ. म्हणजे समोरचा बोलत असतानाच अख्खी मानवजात मनात उत्तर रचत बसलेली असते. मी तेवढं लपवत नाही. तरी सावकाश बोलणारा विचारी ठरतो आणि त्याच्या पूर्णविरामाची वाट बघून ज्याचा जीव जातो तो उतावळा. ह्याला काय न्याय म्हणायचा?

तो अमेरिकेचा मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनही माझ्यासारखाच वही ठेवायचा. अंगी बाणवायचे १२ गुण त्यानं स्वतः ठरवले होते. तेरावा, नम्रता, यादीत आला तो क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या एका मित्रानं 'लोक तुला गर्विष्ठ समजतात' असं तोंडावर सांगितलं म्हणून. नशीबवान माणूस. त्याच्या मित्रानं निदान वाक्य तरी पूर्ण केलं. आमचे काका तपासून झाल्यावर मागच्या दारानं निघून गेले.