कुठे थांबायचं नाही, ते आधी सांगते

दादा,

कुंडीतल्या झाडाची पानं बिघडली की लगेच औषध नको, थांबून आधी पान बघा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "लेख मोठा, पण औषधाचं नाव एकही नाही. तुमचं ऐकून आठ दिवस थांबलो, खिडकीतली मिरचीची चार झाडं गेली. यापेक्षा इंटरनेटवरचा पानांचा तक्ता बरा." झाडं गेल्याचं फार वाईट वाटलं. आणि तुमचा एक मुद्दा खराच आहे: कुठे थांबायचं नाही, हे मी लिहिलंच नव्हतं.

शेंड्याची पानं आकसून वाटीसारखी वर वळायला लागली, तर एक दिवसही दवडू नका. आपल्याकडे त्याला बोकड्या म्हणतात. पांढऱ्या कागदावर शेंडा झटका. बारीक, पिवळट, लांबुळके जीव पळताना दिसले तर ते फुलकिडे. पानाच्या कडा खाली वळून पान उलट्या होडीसारखं झालं असेल तर बहुधा कोळी, म्हणजे घरात जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारा अगदी बारीक जीव; तो बघायला दहापट भिंग लागतं. कोळी आठ पायांचा, तो कीटक नव्हेच, त्यामुळे कित्येक कीटकनाशकं त्याच्यावर चालत नाहीत. पान न बघता औषधाचं नाव सांगायला मी कचरते ते यासाठी. ती कुंडी ताबडतोब बाकीच्यांपासून दूर ठेवा, पानांची खालची बाजू पाण्याने धुवा आणि संध्याकाळी निंबोळी तेल फवारा: लिटरला ५ मिली, सोबत साबणाचे दोन थेंब.

पिवळेपणाचं तसं नाही. पानं पिवळी पडली एवढंच तुम्ही लिहिलंत, कोणती पानं? नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं काढून कोवळ्यांना देतं, म्हणून आधी खालची पानं पिवळी होतात. लोह एकदा पानात बसलं की तिथून हलत नाही. त्याची कमतरता शेंड्याला दिसते: शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. मॅग्नेशियम कमी असलं तरी शिरा हिरव्याच राहतात, पण खालच्या जुन्या पानांवर.

आता तुमचा तक्ता, पानाच्या रंगावरून कमतरता ओळखायचा. तो परदेशात घरातल्या दिव्यांखाली गांजा वाढवणाऱ्यांसाठी केलेला आहे. आपल्याकडे ते झाड परवान्याशिवाय लावणं १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याने गुन्हा आहे, म्हणून त्या पिकाबद्दल मी बोलत नाही. पानं वाचायची त्यातली रीत मिरचीलाही लागू पडते, ती खोटी नाही. पण ती मंडळी बहुधा कोकोपीटसारख्या (नारळाच्या काथ्याचा भुसा) माध्यमात झाड लावतात आणि पाण्याचा सामू (पीएच) मोजून सहाच्या आसपास आणतात. आपण शेतातली काळी माती आणतो नि वर बोअरचं पाणी घालतो, ज्याने गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो! मातीत चुनखडी, सामू आठच्या घरात. अशा मातीत लोह भरपूर असतं, पण मुळांना ते उचलता येत नाही.

हे मी स्वतः नुकसान करून शिकले. शेंडे पिवळे दिसले म्हणून मी सलग दोन महिने कुंड्यांत हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचं स्वस्त खत) टाकत होते. पानं होती तशीच. चुनखडीच्या मातीत हिराकशीतलं लोह लवकरच गंजाच्या रूपात बसून जातं. अशा मातीत ईडीडीएचए (EDDHA) प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे दुसऱ्या रेणूने धरून ठेवलेलं लोह, टिकतं. ईडीटीए (EDTA) प्रकारचं तितकं टिकत नाही. दुकानात पाकिटावरची ही अक्षरं वाचूनच घ्या. आपल्या मातीत चुना आहे का ते पाहायचं असेल तर कोरड्या ढेकळावर व्हिनेगर टाका, फसफसलं तर आहे. नेमका आकडा हवा असेल तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात माती तपासून घ्या.

तुमच्या झाडांबद्दल मला शंका मात्र वेगळीच येते. माती ओली असताना झाडं माना टाकत होती, असं तुम्ही पुढे ओघात लिहिलंय. नुसती काळी माती कुंडीत दाबून बसते, पाणी धरून ठेवते, मुळांना हवा मिळत नाही. अशा वेळी झाड तहानलेलं वाटतं आणि आपण आणखी पाणी घालतो. खत घातलं तर उलट जास्त बिघडतं. पाणी द्यायच्या आधी कुंडी उचलून वजन बघा, बोट दोन पेरं आत घाला. ओलं लागलं तर त्या दिवशी पाणी नाही.

मेलेल्या झाडांपैकी एखादं अजून कुंडीत असेल तर उपटून मुळं बघा. पांढरी, घट्ट असतील तर माझी शंका चुकली. तपकिरी, बुळबुळीत असतील आणि वास येत असेल तर पाण्याने गेली. मुळांचा फोटो पाठवा, सोबत उरलेल्या झाडांचं शेंड्याचं एक पान आणि खालचं एक पान, दोन्ही बाजूंनी. मूळ लेखात बोकड्याचा भाग मी आजच घालते आहे.